शंभर ग्रॅम हरीण: कोष्टकात काय दिसतं आणि काय दिसत नाही

जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने शिकारीसाठीच्या शिशाच्या गोळ्या आणि छर्रे टप्प्याटप्प्याने बंद करायचं जाहीर केलं. कारण सांगितलं ते पक्ष्यांचं आणि नद्यांचं. पण त्याच देशात गेली काही वर्षं आणखी एक प्रचार जोरात आहे: रानातल्या हरणाचं मांस खा. तिथे हरणांची संख्या वीस लाखांच्या घरात गेली आहे. लांडगे केव्हाच संपले. हरणं कोवळे कोंब खुडून खातात, त्यामुळे जंगलात नवी झाडं वर येत नाहीत. म्हणून दरवर्षी ठरवून लाखांच्या हिशेबात हरणं मारली जातात, आणि ते मांस सुपरमार्केटच्या फ्रीजपर्यंत येतं. तिकडे त्याला ‘वेनिसन’ म्हणतात.

तिथून ते आपल्या व्हॉट्सॲपवर येतं. लेस्टरमधला भाचा पाकिटाचा फोटो टाकतो, खाली कोणीतरी लिहितं की यात चिकनइतकी कमी चरबी, मटणापेक्षा जास्त लोह आणि वर ओमेगा-३. मग गटातला एखादा विचारतोच, की एवढं चांगलं असेल तर आपल्याकडे का मिळत नाही?

दाव्यांपैकी बरेचसे खरे आहेत. मात्र त्यांतून काढलेले निष्कर्ष फारसे टिकत नाहीत.

## शंभर ग्रॅममध्ये असतं काय?

पोषणाच्या आकड्यांसाठी जगभर अमेरिकी कृषी खात्याची कोष्टकं वापरतात. त्यानुसार हरणाच्या १०० ग्रॅम कच्च्या, चरबी काढलेल्या मांसात साधारण १२० कॅलरी, २३ ग्रॅम प्रथिनं आणि जेमतेम २.४ ग्रॅम चरबी असते. लोह ३.४ मिलिग्रॅम, जस्त सुमारे २ मिलिग्रॅम. ब-१२ जीवनसत्त्व सहा मायक्रोग्रॅमच्या वर, म्हणजे मोठ्या माणसाच्या दिवसाच्या गरजेच्या दुपटीहून जास्त. पिष्टमय पदार्थ नाहीतच.

इथेच पहिली गफलत होते. इंटरनेटवर याच मांसात ‘३० ग्रॅम प्रथिनं’ असाही आकडा सापडतो. तोही बरोबर आहे, पण तो भाजलेल्या मांसाचा. शिजताना पाणी उडून जातं, १०० ग्रॅम कच्च्या मांसाचं पाऊणशे ग्रॅमच्या आसपास शिजलेलं मांस उरतं, आणि तेवढ्याच प्रथिनांचा आकडा दर शंभर ग्रॅममागे फुगतो. एका बाजूला कच्चं चिकन आणि दुसऱ्या बाजूला भाजलेलं हरीण ठेवून केलेले तक्ते सर्रास फिरतात. आकडा बघायच्या आधी तो कच्च्याचा की शिजलेल्याचा, हे बघावं.

## तुलना कोणाशी करायची?

हरणाचं कौतुक मुळात पाश्चात्त्य ताटातून आलं आहे. तिकडे तुलना होते ती चरबीदार गोमांसाच्या खिम्याशी. ८०-२० म्हणून विकल्या जाणाऱ्या कच्च्या खिम्यात १०० ग्रॅममागे २० ग्रॅम चरबी आणि अडीचशेच्या आसपास कॅलरी असतात. त्याच्यासमोर हरीण अर्थातच सडपातळ दिसतं.

आपण मटण म्हणतो ते बोकडाचं. त्याच कोष्टकांत बोकडाच्या कच्च्या मांसाचे आकडे असे आहेत: कॅलरी १०९, प्रथिनं २०.६ ग्रॅम, चरबी २.३ ग्रॅम, लोह २.८ मिलिग्रॅम. म्हणजे चरबीत दोघे जवळपास सारखे. प्रथिनं आणि लोह हरणात थोडं जास्त. ठळक फरक ब-१२ चा, तिथे हरीण बरंच पुढे आहे. आणि कातडी काढलेल्या चिकनच्या छातीचे आकडे? कॅलरी १२०, प्रथिनं २२.५, चरबी २.६. तिथे हरणाची सरशी फक्त लोह, जस्त आणि ब-१२ मध्ये. चिकनच्या छातीत लोह अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नसतं.

थोडक्यात, लंडनमधल्या बर्गर खाणाऱ्याला हरीण हा मोठा बदल वाटेल. कोल्हापुरात रविवारी पाव किलो बोकड आणणाऱ्याला तो फारसा जाणवणार नाही. आपल्या रश्श्यातली चरबी बहुतेक वेळा बोकडाची नसतेच. ती तर्रीची असते.

## चरबी इतकी कमी का?

हरीण दिवसभर चालतं, पळतं, थंडीत उपाशी राहतं. गोठ्यात धान्य खाऊन वाढलेल्या जनावराच्या स्नायूंमध्ये चरबीच्या पांढऱ्या रेघा पसरतात. रानातल्या हरणाची साठवलेली चरबी मुख्यतः कातडीखाली आणि मूत्रपिंडाभोवती असते, स्नायूत जवळपास नसते. मांसाचा गडद, जांभळट लाल रंगही याच जगण्यातून येतो. सतत काम करणाऱ्या स्नायूला प्राणवायू साठवणारं एक लाल प्रथिन जास्त लागतं, आणि त्या प्रथिनात लोह असतं. रंग आणि लोह यांचं मूळ एकच.

साठवलेली जी चरबी असते ती खाण्याजोगी नसते. ती इतकी कडक, की गरम रस्सा ताटात दोन मिनिटं थांबला तर कडेला मेणासारखा थर धरतो आणि टाळ्याला चिकटतो. उग्र वासही बराचसा तिच्यातूनच येतो. म्हणून हरणाचं मांस साफ करणारा कसाई आधी चरबी खरवडतो, मग स्नायूवरचा चंदेरी पापुद्रा सुरीने अलगद सोलून काढतो. पाकिटावरचे आकडे या साफसफाईनंतरचे असतात.

## आकडे नेमके कोणत्या हरणाचे?

आंब्यात साखर किती, असं कोणी विचारलं तर आपण आधी विचारू: कैरी की पिकलेला? हापूस की रायवळ? ‘रानातल्या हरणाचं मांस’ हे तसंच आहे, आणि मला वाटतं या विषयातला सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा हाच.

ब्रिटनमध्येच हरणांच्या सहा जाती मोकळ्या फिरतात. स्कॉटलंडच्या डोंगरातलं लाल हरीण आपल्या सांबराच्या जवळपास जाणारं, थोराड. रो हरीण शेळीएवढं, आणि चोखंदळ: कळ्या, कोंब, झुडपांची पानं वेचून खाणारं. मुंटजॅक म्हणजे आपल्या भेकराचा चिनी भाऊबंद, तो तिथल्या बागांमधून सुटून पसरला. तिघांचा आहार वेगळा, म्हणून मांसही वेगळं.

त्याहून मोठा फरक ऋतूचा. लाल हरणाचा नर उन्हाळाभर खाऊन सप्टेंबरपर्यंत चांगला गलेलठ्ठ होतो. मग माजावर येतो. त्या चार-सहा आठवड्यांत तो खाणं जवळपास सोडतो, माद्यांमागे धावतो, दुसऱ्या नरांशी झुंजतो, आणि वजनाचा पाचवा हिस्सासुद्धा गमावून बसतो. ऑगस्टमध्ये मारलेला नर आणि नोव्हेंबरमध्ये मारलेला तोच नर, यांच्या चरबीचं एकच कोष्टक करता येत नाही. स्कॉटलंडने २०२३ मध्ये नर हरणांसाठीचा शिकारबंदीचा काळ उठवला, त्यामुळे आता तिथे नराचं मांस बाराही महिने बाजारात येऊ शकतं. पाकिटावर मात्र आकडे तेच.

जनावर मेलं कसं, यानेही फरक पडतो. चरताना, बेसावध असताना एका गोळीत पडलेल्या हरणाच्या स्नायूत साखरेचा साठा शिल्लक असतो. मेल्यावर त्याचं आम्ल तयार होतं, मांस नीट मुरतं आणि टिकतं. जखमी होऊन मैलभर पळालेल्या हरणाचा तो साठा संपलेला असतो. त्याचं मांस काळपट, घट्ट, चिकट होतं आणि लवकर खराब होतं. प्रथिनांचा आकडा दोन्हीकडे सारखाच दिसेल.

## ‘चरबी कमी, म्हणजे कोलेस्टेरॉलही कमी ना?’

नाही. १०० ग्रॅम कच्च्या हरणात सुमारे ८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, बोकडात ५७ च्या आसपास, चिकनच्या छातीत ७३. कारण कोलेस्टेरॉल चरबीच्या थरात नव्हे, तर मुख्यतः प्रत्येक पेशीच्या पातळ आवरणात असतं. थर काढून टाकला तरी पेशी आहेत तिथेच राहतात.

याने घाबरायचं कारण नाही. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवण्यात अन्नातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीचा, म्हणजे तुपासारख्या थंड झाल्यावर गोठणाऱ्या चरबीचा वाटा मोठा असतो. ती हरणात एक ग्रॅमही भरत नाही.

## ‘ओमेगा-३ तर आहे!’

आहे. मोकळं चरणाऱ्या हरणाच्या चरबीत ओमेगा-३ चं प्रमाण धान्यावर पोसलेल्या जनावरापेक्षा चांगलं असतं, हे खरंच. पण प्रमाण चांगलं असणं वेगळं आणि पोटात जाणारी मात्रा वेगळी. एकूण चरबीच अडीच ग्रॅम, त्यात ओमेगा-३ आणि ओमेगा-६ धरून सगळी बहुअसंपृक्त चरबी अर्ध्या ग्रॅमच्या आत. मालवणात वीस-तीस रुपयांच्या फरकाने घासाघीस करून घेतलेल्या बांगड्यात किंवा तारलीत याच्या कितीतरी पट ओमेगा-३ असतं. ओमेगा-३ साठी हरणामागे लागण्यात अर्थ नाही.

## लोहाचं काय?

इथे हरणाची बाजू खरोखर भक्कम आहे. आपल्याकडे हा प्रश्न गंभीरही आहे: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, महाराष्ट्रात ५४ टक्के.

भारतीय शिफारशीनुसार स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, अमेरिकी शिफारशीनुसार १८. आपल्या बायकांची शरीरं वेगळी आहेत असं नाही. आपला आकडा शाकाहारबहुल जेवण धरून काढला आहे, आणि भाकरी-भाजीतलं लोह जेमतेम आठ टक्के अंगी लागतं असं त्यात गृहीत आहे. मांसातल्या लोहाचा मोठा भाग रक्तातल्या लोहासारख्याच रूपात असतो आणि त्यातलं १५ ते ३५ टक्क्यांपर्यंत शोषलं जातं. त्यामुळे हरणातले ३.४ मिलिग्रॅम कागदावर २९ पुढे किरकोळ वाटले, तरी शरीरात पोहोचताना तितके किरकोळ राहत नाहीत. शिवाय सोबत खाल्लेल्या डाळ-भाजीतलं लोह शोषायलाही मांस मदत करतं. भाजीवर पिळलेलं लिंबूही ते काम करतंच.

पण लोहाचा हा फायदा हरणाचा एकट्याचा नाही. बोकडाचं काळीज या बाबतीत हरणाच्या मांसाच्या पुढे आहे. (गरोदर बाईने मात्र काळीज टाळावं, त्यात अ जीवनसत्त्व अतोनात असतं.)

## फक्त हेच खाल्लं तर?

‘निव्वळ मांस’ आहाराचं फॅड सध्या जोरात आहे म्हणून हा प्रश्न. हरणाच्या १२० कॅलरींपैकी नव्वदच्या वर प्रथिनांतून येतात. आपल्या यकृताला दिवसात ठरावीक मर्यादेपर्यंतच प्रथिनं पचवून त्यांचा कचरा बाहेर काढता येतो. चरबी किंवा पिष्ट न घेता नुसतं बिनचरबीचं मांस खात राहिलं तर जुलाब, मळमळ, थकवा सुरू होतो, पोट भरलेलं असूनही भूक भागत नाही. उत्तर अमेरिकेच्या बर्फाळ भागातल्या लोकांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं.

१९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात विल्यालमर स्टेफनसन या ध्रुवप्रदेशी भटकलेल्या संशोधकावर वर्षभराच्या मांसाहाराचा प्रयोग झाला. सुरुवातीला त्याला मुद्दाम बिनचरबीचं मांस दिलं, तर तो काही दिवसांतच आजारी पडला. चरबी सुरू केल्यावर सावरला. भाकरीसोबत खाणाऱ्याला ही भीती नाही.

## आता शिशाकडे

कोष्टकात शिशाचा रकाना नसतो. शिकारीच्या बंदुकीची नेहमीची गोळी म्हणजे तांब्याच्या पातळ कवचातलं शिसं. ती हरणाला लागते तेव्हा फुटते, आणि डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून हातभर अंतरापर्यंत मांसात पसरतात. कसाई जखमेभोवतीचं लाल-काळं मांस कापून टाकतो, पण कण त्याच्या पलीकडे गेलेले असू शकतात. धुऊन ते जात नाहीत.

२००८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात गरिबांना वाटण्यासाठी शिकाऱ्यांनी दान केलेल्या खिम्याची पाकिटं एका डॉक्टरने स्कॅन करून पाहिली. पडद्यावर धातूचे ठिपके दिसले. राज्याने अन्नछत्रांना ते मांस टाकून द्यायला सांगितलं. नंतर तिथल्या सातशेहून अधिक लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा शिकारीचं मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसं सरासरीने किंचित जास्त निघालं. फरक लहान होता, कोणी विषबाधा होऊन पडलं नव्हतं. पण मुलांच्या मेंदूच्या वाढीसाठी शिशाची कोणतीही सुरक्षित मर्यादा सांगता येत नाही, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये स्पष्ट केलं आहे. जर्मनीची सरकारी संस्था तर सात वर्षांपर्यंतच्या मुलांनी, गरोदर आणि गर्भधारणेच्या तयारीत असलेल्या स्त्रियांनी शिशाच्या गोळीने मारलेली शिकार खाऊच नये, असं सांगते.

म्हणजे लोहासाठी ज्या बाईला हरीण खायला सांगितलं जातं, तिलाच ते टाळायचा सल्ला आहे. व्हॉट्सॲपवरच्या फोटोखाली हे कोणी लिहीत नाही.

आपल्या स्वयंपाकघरासाठी यात आणखी एक मेख आहे. आम्लात शिसं विरघळतं. मांसाला दही, लिंबू किंवा व्हिनेगर चोळून रात्रभर ठेवायची आपली रीत मांस मऊ करायला उत्तम, पण मांसात शिशाचे कण असतील तर तेही थोडेथोडे उतरतात. परदेशात राहणाऱ्यांनी विकत घेताना गोळी कसली होती ते विचारावं. तांब्याच्या गोळीने मारलेलं मांस मिळतं. शेतावर पाळलेल्या हरणाचं असेल तर कत्तलखान्यातून आलेल्या मांसात हा प्रश्न उद्भवत नाही. न्यूझीलंडने १९६९ मध्ये हरीणपालनाला परवानगी दिली, तिथलं मांस आज जगभर जातं. मात्र ते ‘रानातलं’ नव्हे, हे खरेदी करताना ध्यानात असू द्या.

## ‘रानातलं, म्हणजे शुद्धच की!’

औषधं, प्रतिजैविकं, हार्मोन नाहीत, हे खरं. पण रानाला स्वतःचे रोग असतात. अमेरिकेत १९६७ मध्ये कोलोरॅडोतल्या एका संशोधन केंद्रातल्या हरणांमध्ये एक झिजवणारा रोग दिसला. हरीण वाळत जातं, लाळ गळते, भरकटतं आणि मरतं. हा ‘मॅड काऊ’च्या कुळातला रोग. यात जंतू नसतो, मेंदूतलं एक प्रथिन चुकीची घडी घेतं आणि शेजारच्या प्रथिनांनाही तशीच घडी घालायला लावतं. असं प्रथिन शिजवून नष्ट होत नाही. हा रोग आता अमेरिकेच्या तीसहून अधिक राज्यांत पसरला आहे, २०१६ मध्ये नॉर्वेच्या रेनडिअरमध्ये सापडला. माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही. तरीही अमेरिकेचं आरोग्य खातं बाधित भागातलं हरीण तपासून घ्या आणि रोग निघाला तर खाऊ नका असं बजावतं.

मांसातले परजीवी मात्र उष्णतेने मरतात. आतपर्यंत ७१ अंश तापमान पुरेसं. पाश्चात्त्य पद्धतीने आतून लाल ठेवलेलं हरीण गरोदर बाईने खाऊ नये.

लीड्सला मावसबहीण हरणाच्या पाठीचा तुकडा मटणासारखा कुकरला लावते, चार शिट्ट्या करते आणि मग ‘चामडं आहे नुसतं’ म्हणून वैतागते. पाठीच्या मांसात ना चरबी ना स्नायूंना बांधणारे चिवट धागे, त्यामुळे जास्त शिजवलं की ते कोरडंठाक होतं. कुकरसाठी नळीचं किंवा खांद्याचं मांस घ्यावं. त्यातले हे धागे विरघळून रस्सा दाट होतो.

## तांबडं मांस ते तांबडंच

ब्रिटनची आरोग्यसेवा तांबड्या मांसाच्या यादीत गाय, डुक्कर, मेंढी, बोकड यांच्याबरोबर हरीणही धरते, आणि रोज ९० ग्रॅमपेक्षा जास्त शिजलेलं खाणाऱ्यांना ७० ग्रॅमपर्यंत खाली यायला सांगते. आतड्याच्या कर्करोगाचा धोका हे त्यामागचं कारण. चरबी कमी म्हणून हरणाला सूट नाही. हरणाच्या सॉसेजमध्ये तर मुळातच सुकं असलेलं मांस ओलसर व्हावं म्हणून बऱ्याचदा डुकराची चरबी घालतात. तिथे पाकिटावर चित्र हरणाचं असलं तरी मागची बारीक अक्षरं वाचायला हवीत.

## ‘मग आपल्याकडे का नाही?’

कारण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. चितळ, सांबर, भेकर ही आपली हरणं. काळवीट आणि चिंकारा शास्त्राच्या दृष्टीने वेगळ्या कुळातले, त्यांची शिंगं दरवर्षी गळत नाहीत. कायद्याला या फरकाचं देणंघेणं नाही. यांतल्या कोणाचीही शिकार करणं गुन्हा, आणि मांस बाळगणं किंवा विकणं हाही गुन्हा. गावाकडे चोरून मिळणारं ‘रानातलं मटण’ ना पशुवैद्याने पाहिलेलं असतं, ना ते कशाने मारलं याचा पत्ता असतो.

यावर एक चलाख आक्षेप येतो. आपलंच चितळ हवाईच्या बेटांवर सर्रास मारून विकलं जातं, मग इथेच बंदी का? गोष्ट खरी आहे. १८६० च्या दशकात तिथल्या राजाला भेट म्हणून काही चितळं पाठवली गेली. त्या बेटांवर त्यांना खाणारं एकही जनावर नव्हतं. ती बेसुमार वाढली, कुरणं आणि शेतं उजाड करू लागली, आणि आता सरकारी निरीक्षकाच्या देखरेखीखाली त्यांची शिकार होऊन मांस बाजारात जातं. ताडोब्यातल्या चितळाला खायला वाघ, बिबट्या आणि रानकुत्री आहेत. तिथे चितळ कमी झालं तर वाघ शेजारच्या गावातल्या गोठ्यांकडे वळतो, आणि नुकसानभरपाईचे अर्ज भरत वनखात्याच्या कचेरीत बसायची वेळ त्या गावकऱ्यांवर येते.